शाळेच्या वहीतील आपली माणसे

आपल्या कोणत्याही सिनेगॉगमध्ये गेले की भिंतीवरील संगमरवरी पाट्या प्रथम नजरेस पडतात. कोणी तेबा दिली, कोणी झुंबर दिले, कोणी हेखालच्या पडद्यासाठी मखमल दिली, हे सर्व सालासकट कोरलेले असते. ते योग्यच आहे. परंतु त्या पाट्या वाचता येण्यासाठी ज्यांनी आपल्या आजोबा-पणजोबांना 'ग म भ न' शिकविले, त्यांची पाटी कोठेच नाही. वर्धापनदिनाच्या या स्मरणिकेत देणगीदारांचे व विश्वस्तांचे स्मरण इतर लेखक करतीलच. येथे प्राथमिक शाळेतील माणसांविषयी, म्हणजे मास्तर, बाई, कारकून आणि शिपाई यांच्याविषयी, चार शब्द लिहावयाचे आहेत.

कोकणात आपले पूर्वज तेलाचे घाणे चालवीत आणि शेती करीत, तेव्हा शाळा म्हणजे गावच्या पंतोजींची पडवी. मुले धुळपाटीवर बोटाने अक्षरे गिरवीत आणि पाढे मोठ्याने घोकीत. केवळ बे ते तीसपर्यंत नव्हे, तर पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी! तेल्याच्या मुलाला हिशेब यावा एवढीच अपेक्षा असे. लिहिणे मोडीत, छापील वाचणे बाळबोधीत. हिब्रू अक्षरे फार थोड्यांना येत. शेमा तोंडपाठ होता, पण तो पुस्तकात पाहून वाचणारे विरळा.

यात बदल झाला तो मिशनऱ्यांमुळे, आणि हे मान्य करण्यात कमीपणा नाही. अमेरिकन मिशनचे लोक 1813 साली मुंबईस आले व पुढे त्यांनी मुंबईत आणि कोकणात मराठी शाळा काढल्या. त्या शाळांतून आपली मुले शिकू लागली आणि आपलेच काही लोक तेथे मास्तर म्हणून नेमले गेले. 1829 साली आलेल्या डॉ. जॉन विल्सन यांनी तर 1832 साली मराठीतून हिब्रूचे व्याकरण छापले. त्यांचा हेतू धर्मांतराचा होता हे उघड आहे. पण आपल्या लोकांनी अक्षरे घेतली आणि धर्म आपलाच ठेवला. या व्यवहारात फायदा कोणाचा झाला ते सांगावयास नको. 1874 साली पुण्यात छापलेली सचित्र हग्गादा मराठी भाषांतरासह निघाली. ती घरोघरी वाचली जाण्यासाठी बाळबोध वाचू शकणारी एक पिढी आधी तयार व्हावी लागली होती. ती पिढी प्राथमिक शाळेच्या मास्तरांनी तयार केली.

पुढच्याच वर्षी, 1875 साली, हाईम शमुवेल केहीमकर यांनी बंधू व स्नेही यांच्या साहाय्याने मुंबईत इस्राएली शाळा सुरू केली. केहीमकर हे सरकारी नोकरीतले गृहस्थ. धनवान नव्हेत. लंडनच्या अँग्लो-ज्युईश असोसिएशनकडून शाळेस साहाय्य मिळू लागले, इंग्रजी वर्ग जोडले गेले, आणि प्राथमिक शाळेचे पुढे हायस्कूल झाले. सर एली कदूरी यांच्या देणगीनंतर तिला त्यांचे नाव मिळाले. माझगावची 'कदूरी' म्हणजे हीच. केहीमकरांनी आपल्या समाजाचा इतिहास 1897 साली लिहून पुरा केला, तो त्यांच्या मृत्यूनंतर 1937 साली तेल अवीवमध्ये छापला गेला. इतिहास लिहिणे मोठेच काम, पण आमच्या मते त्यांचे त्याहून मोठे काम ती शाळा होय.

या शाळेचे नाव निघाले की रिबेका रूबेन यांचे नाव निघणारच. 1905 सालच्या मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिक परीक्षेत त्या पहिल्या आल्या, आणि मुलीने पहिले येण्याची ती पहिलीच वेळ होती. एवढ्या विदुषीला कॉलेजात मानाची जागा सहज मिळाली असती. पण 1922 पासून 1950 पर्यंत, म्हणजे अठ्ठावीस वर्षे, त्या इस्राएली शाळेच्या मुख्याध्यापिका राहिल्या. मुलांसाठी मराठी वाचनाची पुस्तकेही त्यांनी लिहिली. त्यांच्यावर लेख निघाले आहेत व आणखीही निघावेत.

मात्र मुख्याध्यापिकेच्या खाली जी माणसे होती त्यांचे काय? आपल्या समाजातील कितीतरी मुली व्हर्नाक्युलर फायनल पास होऊन, ट्रेनिंग घेऊन शिक्षिका झाल्या. काही कदूरीत, काही म्युनिसिपालटीच्या शाळांत, काही कोकणात लोकल बोर्डाच्या शाळांत लागल्या. नर्स आणि शिक्षिका ही आपल्या घरातील बायकांची दोन ठरलेली कामे. पहाटे उठून घरचा स्वयंपाक आटोपावयाचा, नऊवारी किंवा पाचवारी नीट नेसून शाळेत हजर व्हावयाचे, आणि पन्नास-साठ मुलांचा वर्ग सांभाळावयाचा. पहिलीच्या वर्गात शिकविणे हे कामातले निम्मेच काम. रडणाऱ्याला गप्प करणे, शेंबूड पुसणे, पाटी फुटली तर दुसऱ्याची अर्धी देववणे, डबा न आणलेल्या पोराला कोणाच्या तरी शेजारी बसविणे, ही कामे इन्स्पेक्टर साहेबांच्या शेऱ्यात कधी आली नाहीत.

शिपायाचेही तसेच. घंटा त्याची, माठ त्याचा, फाटकाची किल्ली त्याची. पावसाळ्यात गुडघाभर पाणी साचले की लहान मुलांना उचलून रस्ता ओलांडून देणारा तोच. मुले मुख्याध्यापकांना भीत, पण पोटात दुखले तर जात शिपाईमामाकडे.

शनिवारचा प्रश्न आठवावा. मराठी शाळांत शनिवारी सकाळची शाळा असे. कदूरीत शब्बाथची सुट्टी होती, म्हणून तेथे अडचण नव्हती. पण रेवदंडा, अलिबाग, पेण, म्हसळे या बाजूच्या शाळांत वर्गात आपला एखादा-दुसराच मुलगा असावयाचा. त्याने शब्बाथला पाटी-पेन्सिल धरावी की न धरावी? याला कायदा नव्हता. सर्व काही गुरुजींच्या समजुतीवर अवलंबून असे. जो गुरुजी हजेरी घेताना त्या नावापाशी मुकाट्याने पुढे सरकला, किंवा ज्याने मुलाला वर्गात बसू दिले पण लिहावयास लावले नाही, त्याने आपल्या समाजावर केलेले उपकार कोणत्याही ठरावात नोंदलेले नाहीत. तो बहुधा ब्राह्मण, मराठा किंवा कोकणी मुसलमान असे. 'शनवार तेली' या नावाचा अर्थ गावाला ठाऊक होता, तोच त्याच्या उपयोगी पडला.

आता वहीकडे वळू. शाळेचे जनरल रजिस्टर ही फार मोठी वस्तू आहे. घरात अबाजी, समाजी, मुसाजी, एलोजी म्हणून हाक मारली जाणारी मुले शाळेत गेली आणि तेथे अब्राहाम, शमुवेल, मोझेस, एलिया झाली. अमुक गावचे म्हणून 'कर' लागलेले आडनाव शाळेच्या वहीत एकदा पक्के झाले की कायमचे झाले. आणि जन्मतारीख! आई सांगे, 'नव्याच्या सणानंतर झाला', किंवा 'दारफळणीच्या आधल्या आठवड्यात, मोठा पाऊस झाला त्या साली'. गुरुजींना तारीख तर हवी. शाळा जूनमध्ये उघडे, वयाची अट पुरी व्हावयास हवी, म्हणून ते सरळ 1 जून लिहून मोकळे होत. वाचकहो, आपल्या ओळखीत 1 जून रोजी जन्मलेली किती माणसे आहेत ते मोजून पाहा. महाराष्ट्रात सर्व जातींत हाच प्रकार आहे. ती तारीख पुढे शाळा सोडल्याच्या दाखल्यावर आली, दाखल्यावरून पासपोर्टवर, पासपोर्टवरून तेऊदत झेहूतवर, आणि तिच्याच हिशेबाने आज इस्राएलात पेन्शन मिळते. कोकणातल्या एका गुरुजींच्या टाकाच्या फटकाऱ्यावर येथील खाते चालते!

त्याच वहीत धर्माच्या रकान्यात ज्यू, यहुदी किंवा इस्राएल असे लिहिलेले असे. 1962 साली येथील मुख्य रब्बींच्या कचेरीने लग्नासाठी आपल्या लोकांची पिढ्यान्‌पिढ्यांची चौकशी करावयास सांगितले आणि 1964 पर्यंत समाजाला त्याविरुद्ध झगडावे लागले. आपण कोण हे कोकणातल्या शाळेच्या कारकुनाला विचारावे लागले नव्हते. त्याने पाहिले आणि लिहिले. पण त्या वहीला रब्बींपुढे कोण विचारतो!

तसलाच दाखला घेऊन आपले कोकणी शेजारीही परदेशी गेले. ते गेले आखाताकडे, कुवेत, बहारीन, कतारला. कतारचे तेल 1949 पासून परदेशी जाऊ लागले. त्यापूर्वी तेथील मोती मुंबईच्या बाजारात येत, आणि 1966 पर्यंत तेथे रुपयाच चालत होता. तेथील शाळांची कथाही आपल्यासारखीच घरातून सुरू होते. आमना महमूद अल-जैदा नावाच्या बाई दोह्यात आपल्या घरी मुलींना कुराण आणि अक्षरे शिकवीत. 1950 च्या दशकाच्या मध्यास सरकारने मुलींची शाळा काढली तेव्हा ती त्यांच्याच हाती दिली. कतारच्या पहिल्या शिक्षिका म्हणून त्यांचे नाव आज तेथे आदराने घेतले जाते. एका छोट्या देशाने प्राथमिक शिक्षिकेचे नाव इतिहासात लिहून ठेवले, हे आपण लक्षात घेण्यासारखे आहे. 1974 साली दोह्यात एम. ई. एस. ही भारतीय शाळा निघाली, नंतर आणखी निघाल्या. तेथे गेलेल्या मराठी घरांतील मुले अशाच शाळांत भारतातून आलेल्या बाईंच्या हाताखाली अक्षरे गिरवितात. उन्हाळ्याच्या कडाक्यात बसमधून एकेक मूल मोजून उतरविणारी मदतनीस बाई तेथेही असते, आणि तिचे नाव तेथेही पालकांना सांगता येत नाही.

आपल्यापैकी ज्या शिक्षिका 1950 व 60 च्या दशकांत दिमोना, बेरशेबा, लोद, अश्दोद येथे आल्या, त्यांना मराठीचा वर्ग येथे कोठून मिळणार? हिब्रू पुरेशी येईना, म्हणून काहींना कारखान्यात, काहींना स्वयंपाकघरात काम धरावे लागले. संध्याकाळी मात्र शेजारची मुले गणित घेऊन त्यांच्याच दाराशी येत, कारण पाढे कोणत्याही भाषेत तेच. त्यांच्या हातचे दिवाळी अंक व पुढे 'मायबोली'चे अंक घरात नीट रचून ठेवलेले असत.

माझगावची कदूरी शाळा आपण तेथून निघून आल्यावरही चालू राहिली. समाज कमी झाला तशी वर्गांत इतरांची मुले आली, आणि अनेक वर्षांपासून तेथील बहुसंख्य विद्यार्थी मुसलमान घरांतील आहेत.