गाडीचं अ‍ॅक्सिलरेटर पेडल जड का होतं?

सकाळी गाडी सुरू केली, रेस द्यायला पाय दाबला, तर पेडल हलेचना. जोर लावला तर एकदम खाली गेलं आणि गाडीने पुढे उडी मारली. सोसायटीच्या पार्किंगमध्ये भिंतीसमोर असं झालं, तर बंपर गेलाच म्हणून समजा. बरेच जण 'गाडी जुनी झाली' म्हणून महिनोन्‌महिने हे तसंच चालवून घेतात. पेडल मात्र काहीतरी अडकत असल्याशिवाय जड होत नाही.

आधी बघायचं ते गाडीत अ‍ॅक्सिलरेटरची केबल आहे की नाही. मारुती 800 सारख्या जुन्या गाड्यांमध्ये पेडलपासून इंजिनपर्यंत सायकलच्या ब्रेकसारखी वायर जाते. पेडल दाबलं की ती ओढली जाते आणि हवा आत सोडणारी थ्रॉटलची झडप उघडते. पावसाळ्यात केबलच्या आवरणात पाणी शिरतं, तार गंजते, आतलं वंगण सुकतं. कधी तारेचा एखादा पदर तुटून आवरणात घासायला लागतो. अशा वेळी पेडल सुरुवातीपासून शेवटपर्यंत जड लागतं. तेल सोडून दोन दिवस बरं वाटेल, पण पदर तुटलेली केबल बदलायलाच हवी. कारण ती दाबलेल्या अवस्थेतही अडकू शकते.

पेडल फक्त सुरुवातीला चिकटत असेल आणि मग सुटत असेल, तर संशय थ्रॉटल बॉडीवर घ्यावा. इंजिनातली तेलकट वाफ पुन्हा हवेच्या मार्गात सोडलेली असते. तिचा काळा चिकट थर झडपेच्या कडेला साचतो आणि बंद झडप तिथेच चिकटून बसते. थ्रॉटल बॉडी क्लीनरने साफ केली की बहुतेक वेळा काम होतं.

आता एक गोष्ट बऱ्याच ठिकाणी चुकीची सांगितली जाते. हल्लीच्या बहुतेक गाड्यांमध्ये केबल नसतेच. पेडलवरचा सेन्सर कॉम्प्युटरला सिग्नल देतो आणि झडप मोटर उघडते. अशा गाडीत कार्बन कितीही साचला तरी पेडल जड होणार नाही. फार तर गाडी झटके देईल किंवा सिग्नलला बंद पडेल. त्यामुळे पेडलच जड असेल आणि कोणी थ्रॉटल साफ करायचं बिल लावत असेल, तर कारण जरूर विचारावं. तिथे दोष पेडलच्या जोडणीत असतो: सांध्यात साचलेली माती, बिघडलेली स्प्रिंग, झिजलेले भाग.

हा दोष किरकोळ नसतो. जानेवारी 2010 मध्ये टोयोटाने अमेरिकेत सुमारे 23 लाख गाड्या याच कारणासाठी परत बोलावल्या. पायाला केबलसारखा दाब जाणवावा म्हणून पेडलमध्ये मुद्दाम घर्षण देणारा भाग बसवलेला होता. तो झिजला आणि त्यात बाष्प धरलं की पेडल जड व्हायचं, सावकाश वर यायचं, क्वचित अडकायचं. उपाय होता स्टीलची एक छोटी पट्टी.

त्याआधी ऑगस्ट 2009 मध्ये कॅलिफोर्नियात एका लेक्सस गाडीत चौघांचा जीव गेला. तिथे दुसऱ्या मॉडेलची मॅट घातलेली होती आणि पेडल तिच्यात अडकलं होतं. आपल्याकडे कंपनीच्या मॅटवर आणखी एक जाड मॅट टाकायची सवय घरोघरी आहे. मेकॅनिककडे जाण्याआधी ती काढून बघावी, फुकटातला उपाय आहे.

चालत्या गाडीत पेडल दाबलेलंच राहिलं तर ब्रेक एकदाच जोरात दाबून धरावा. पुन्हा पुन्हा दाबला तर ब्रेकला मदत करणारा व्हॅक्यूम संपतो आणि ब्रेक दगडासारखा होतो. सोबत गाडी न्यूट्रल करावी. इंजिन ओरडेल, ओरडू द्यावं. किल्ली गाडी थांबल्यावरच काढावी, नाहीतर स्टिअरिंग लॉक होण्याची भीती असते.