दांडा फिरविणारा मुलगा

दिवाळीच्या सुट्टीत मास्तराला कोणी शाळेची आठवण करून देऊ नये, असा एक अलिखित दंडक आहे. गेल्या वर्षी माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने तो मोडला. वसुबारसेच्या संध्याकाळी त्याने माझ्या मोबाइलवर एक चित्र धाडले आणि खाली लिहिले, "सर, तुमची नोकरी गेली!"

चित्र जुन्या फ्रेंच धाटणीचे, रंगीत होते. शाळेचा एक वर्ग. मुले बाकांवर हारीने, हाताची घडी घालून बसलेली. प्रत्येकाच्या डोक्यावर कानांपर्यंत येणारे टोपीसारखे काहीतरी आणि त्यातून वर छताकडे गेलेल्या तारा. एका बाजूला मास्तर उभे. ते जाडजूड पुस्तके एकामागून एक एका यंत्राच्या तोंडात टाकीत आहेत. यंत्र थेट आपल्या कडबा कापायच्या यंत्रासारखे! पुस्तकांचा तेथे चुरा होतो आणि त्यांतली विद्या तारांतून मुलांच्या डोक्यात उतरते, अशी ती कल्पना. हे चित्र होते सन २००० मधल्या शाळेचे, आणि ते काढले गेले १९०० सालाच्या आसपास.

मी मनसोक्त हसलो आणि चित्र घेऊन स्वयंपाकघरात गेलो. तेथे चकलीची उकड मळणे चालले होते. पिठाचे हात तसेच वर धरून सौभाग्यवतींनी मान तिरकी करून चित्र पाहिले आणि म्हणाल्या, "अहो, पण हा दांडा फिरवतोय तो पोरगा कुणाचा? त्याच्या कानाला तार नाही दिसत ती!"

मी पुन्हा पाहिले. खरेच की! यंत्राच्या बाजूला एक मुलगा उभा राहून त्याचा दांडा फिरवीत होता. साऱ्या वर्गाच्या डोक्यात इतिहास-भूगोल उतरत होता आणि हा आपला दांडा फिरवीत होता. मी पंचवीस मुलांची हजेरी रोज घेणारा मास्तर. पण माझ्या नजरेतून तो निसटला होता.

त्या दिवसापासून ह्या चित्रांचा इतिहास माझ्या मागे लागला. तो वाचकांनाही सांगावासा वाटतो, कारण तो मुळात खेळण्यांच्या एका कारखानदाराचा इतिहास आहे, आणि दिवाळीला शोभण्यासारखा आहे.

१९०० साली पॅरिसला एक विराट जागतिक प्रदर्शन भरले. १४ एप्रिल ते १२ नोव्हेंबर असे ते सात महिने चालले आणि सुमारे ५ कोटी लोकांनी त्याला भेट दिली. विजेचा एक स्वतंत्र प्रासादच तेथे उभारला होता. माणसाने नुसते उभे राहावे आणि रस्त्याने त्याला पुढे न्यावे, असा सरकता मार्गही होता. शतक बदलत होते आणि विजेच्या त्या झगमगाटात पुढल्या शतकाचे काय काय होईल, ह्याच्या गप्पांना ऊत आला होता. लियाँ शहरी आर्माँ जेर्वे नावाचा खेळण्यांचा एक कारखानदार होता. ह्या हौसेचा फायदा घ्यावा म्हणून त्याने १८९९ साली जाँ-मार्क कोते ह्या चित्रकाराकडून सन २००० ची चित्रे काढून घेतली. चित्रे छापण्यास आरंभ झाला आणि त्याच वर्षी जेर्वे वारला. कारखाना बंद पडला. भविष्यकाळाची ती चित्रे कित्येक वर्षे तळघरात धूळ खात पडली. पुढे जुन्या वस्तूंच्या एका व्यापाऱ्याच्या हाती ती लागली आणि अखेर १९८६ साली आयझॅक असिमॉव्ह ह्या विख्यात विज्ञानलेखकाने टिपणे लिहून त्यांचे पुस्तक केले. सन २००० उजाडायला तेव्हा चौदा वर्षे उरली होती!

ह्या मालिकेतली ऐंशीहून अधिक चित्रे आज ठाऊक आहेत. काय नाही त्यांत? पंख लावलेले अग्निशामक दलाचे जवान उंच इमारतीच्या खिडकीतून माणसे सोडवीत आहेत. खेड्यातला पोस्टमन विमानावर बसून येतो आणि गच्चीवरच्या माणसाच्या हातात पत्र देतो. देवमासा बसगाडी ओढतो आणि समुद्राच्या तळाशी स्त्रीपुरुष क्रोके खेळत आहेत. न्हाव्याच्या दुकानात लोखंडी हात गिऱ्हाइकांच्या दाढ्या करीत आहेत आणि न्हावी नुसता यंत्रापाशी उभा आहे. एका चित्रात लोक गर्दी करून एक अद्भुत प्राणी पाहत आहेत. तो प्राणी म्हणजे घोडा! मोटारी इतक्या होतील की घोडा नवलाचा होऊन बसेल, हा तर्क काही अगदीच चुकलेला नाही. आमच्या गावात वरातीपुरता तो भाड्याने आणावा लागतो.

राईट बंधूंचे विमान उडाले ते १७ डिसेंबर १९०३ रोजी. त्याच्या आधीच ज्याने आकाशात पोस्टमन उडविला, त्याला हसणे मला जमत नाही. पण चित्रे पुन्हा पुन्हा पाहिली की एक गोष्ट ध्यानी येते. विमान चालविणाऱ्याच्या मिशा मात्र १८९९ च्याच आहेत. बायकांचे झगे तसेच पायघोळ, टोप्या तशाच. आणि फरशी पुसण्याचे एक यंत्र आहे, विजेवर चालणारे. ते आपल्या ब्रशाने फरशी घासते आहे. असा यांत्रिक झाडूवाला २००२ साली अमेरिकेत रूम्बा ह्या नावाने खरोखर बाजारात आला. म्हणजे चित्रकाराचा नेम दोनच वर्षांनी चुकला! परंतु चित्रातले ते यंत्र चालविते कोण? डोक्याला पांढरी टोपी आणि पुढे एप्रन बांधलेली मोलकरीण. शंभर वर्षांनी केरसुणीचे यंत्र होईल हे कोतेला दिसले. त्या मोलकरणीची मुलगी आणखी काही होईल, हे दिसले नाही.

कोतेच्या आधीही असा एक स्वप्नाळू माणूस होऊन गेला. आल्बेर रोबिदा हे त्याचे नाव. हा लेखक आणि व्यंगचित्रकारही. त्याने १८८३ साली 'विसावे शतक' ह्या अर्थाच्या नावाची कादंबरी लिहिली आणि तिचा काळ धरला १९५२. तीत घरोघरी भिंतीवर स्फटिकाचा एक पडदा आहे. त्याचे नाव तेलेफोनोस्कोप. पलंगावर पडल्या पडल्या नाटक पाहावे, जगातल्या बातम्या पाहाव्यात, दूरदेशीच्या माणसाशी समोरासमोर बोलावे, दुकानातला माल घरबसल्या निवडावा. आपल्या मुंबईत दूरदर्शन आले ते २ ऑक्टोबर १९७२ ला. घरबसल्या माल निवडण्याचे व्यसन तर आमच्या घरात कालपरवा शिरले आहे. रोबिदाने आणखीही एक सोय केली होती : घरात चूल नको, एक कंपनी नळातून सूप आणि इतर पदार्थ घरोघरी पुरवील. त्याच्या कादंबरीत स्त्रिया वकिलीसुद्धा करतात. हा गृहस्थ कोतेपेक्षा एक पाऊल पुढे होता, हे कबूल केले पाहिजे. मात्र त्याचे बरेचसे लिहिणे गमतीच्या सुरातले आहे.

जेर्वेची चित्रे तळघरात पडली होती, त्याच सुमारास आपल्या देशात एक बाई असेच भविष्याचे स्वप्न पाहत होती, आणि ते मात्र नुसत्या गमतीचे नव्हते. रुकैया सखावत हुसेन, ज्यांना लोक बेगम रुकैया म्हणतात, त्या १८८० साली रंगपूरजवळच्या पैराबंद गावी जन्मल्या. ते गाव आज बांगलादेशात आहे. घरात कडक पडदा. त्यांचे यजमान भागलपूरला डेप्युटी मॅजिस्ट्रेट होते. ते एकदा फिरतीवर गेले असता वेळ घालविण्यासाठी बाईंनी इंग्रजीत एक गोष्ट लिहिली, 'सुलतानाचे स्वप्न'. यजमान परतले, त्यांनी ती उभ्याउभ्याच संपविली आणि हा तर भयंकर सूड आहे, असा शेरा दिला, अशी आठवण बाईंनीच सांगितली आहे. १९०५ साली मद्रासच्या 'इंडियन लेडीज मॅगझीन'मध्ये ती प्रसिद्ध झाली.

त्या गोष्टीतल्या स्त्रियांच्या राज्यात विमाने आहेत. ढगांतून परस्पर पाणी ओढून घेणारे फुगे आहेत. पण माझे मन अडकले ते तिथल्या स्वयंपाकघरात. तेथे कोळसा नाही, धूर नाही. सूर्याची उष्णता साठवून नळातून आणलेली आहे आणि तीवर रांधणे चालते. कोतेने आणि रोबिदाने पंखांची, पडद्यांची, देवमाशांची स्वप्ने पाहिली. धुराने डोळे चुरचुरले असतील त्याच माणसाला बिनधुराच्या चुलीचे स्वप्न पडते. तिथल्या कामाचा दिवस दोन तासांचा आहे. कारण पुरुष कचेरीत बसून चिरूट ओढण्यात वेळ दवडतात, बायका तसे करीत नाहीत! हे वाचून मी खिशातली तंबाखूची डबी मागे सारली.

पण खरे सांगायचे तर बेगमसाहेबांनीही दांडा कोणाच्या तरी हाती दिलाच. त्या राज्यात पुरुष पडद्यात आहेत. पाहुणी येणार म्हणून स्वयंपाकघरातल्या पुरुषांना बाजूला व्हायला सांगितलेले असते. म्हणजे त्या सूर्यचुलीपाशी उभे कोण, हे ओळखायला नको. तो सूड होता आणि तो सूड म्हणूनच लिहिला होता. स्वप्न लिहून त्या थांबल्या मात्र नाहीत. यजमान निवर्तल्यावर १९०९ साली त्यांनी भागलपूरला पाच मुलींची शाळा काढली, १९११ साली ती कलकत्त्यास नेली आणि १९३२ साली देह ठेवीपर्यंत चालविली. पाच मुली! ह्या पाच आकड्यापुढे मला माझा पंचवीसांचा पट फार मोठा वाटू लागतो.

आता कोणी म्हणेल, यंत्रे तर आली. आता दांडा कोणी फिरवावा लागत नाही, बटण दाबले की झाले. माझ्याही मनात तेच होते. माझी आजी पहाटे जात्यावर बसे. त्या जागी गिरणी आली. पाटावरवंट्याच्या जागी मिक्सर आला, धोक्याच्या जागी धुण्याचे यंत्र आले. परंतु रूथ श्वार्ट्झ कोवान नावाच्या अमेरिकन इतिहासकार बाईंनी १९८३ साली एक पुस्तक लिहून ह्या समजुतीला चांगलाच धक्का दिला. त्यांचे म्हणणे असे : अमेरिकेतल्या घरांत यंत्रे आली तेव्हा पुरुषांची आणि मुलांची कामे आधी गेली. लाकडे फोडणे, पाणी भरणे, सतरंज्या झटकणे हे सुटले. गृहिणीचे तास काही उतरले नाहीत. कपडे धुणे सोपे झाले, म्हणून कपडे रोज धुवावेसे वाटू लागले. घर लखलखीत ठेवता येऊ लागले, म्हणून ते लखलखीतच हवे झाले. मला आमचे घर आठवले. दळण डोक्यावरून आणण्याचे माझे काम सुटले, कारण पीठ आता पिशवीत मिळते. पोळ्या लाटण्याचे त्यांचे काम मात्र होते तेथेच आहे.

आणि शाळेचे म्हणाल, तर कोतेच्या वर्गात मी स्वतः उभा राहून आलो आहे. मार्च २०२० मध्ये महामारीने शाळांना कुलुपे लागली आणि पुढे महिनोन् महिने मी मोबाइलच्या पडद्यासमोर बसून शिकवीत होतो. मुलांच्या कानांत खरोखरच तारा होत्या. पट पंचवीसांचा, पण पडद्यावर दिसत नऊ-दहाच. बाकीच्यांच्या घरी एकच फोन, आणि तो बापाबरोबर कामावर गेलेला. त्यांपैकी एक मुलगा मला एका दुपारी रस्त्यात भेटला. भाजीची हातगाडी ढकलीत होता. मला पाहून गाडी थांबवून म्हणाला, "सर, आज काय शिकवलंत?" मी अपूर्णांकांविषयी काहीतरी सांगितले. सौभाग्यवतींनी चित्रातल्या पोराविषयी विचारले, तेव्हा मला हाच मुलगा आठवला होता. पण मी काही बोललो नाही.

दिवाळीची सुट्टी संपल्यावर मी ती चित्रे सहावीच्या वर्गाला दाखविली आणि सन २१२५ मधल्या वस्तू काढायला सांगितल्या. मुलांनी कमाल केली. एकाने स्वतः चालत शाळेत येणारे दप्तर काढले. एकाचे पेन गृहपाठ करते, तेही मुद्दाम एखादी चूक ठेवून, म्हणजे मास्तरांना संशय येऊ नये! एकाचा रॉकेट आकाशात फुटून, धूर न करता, पुन्हा जोडला जाऊन हातात येतो. एकच रॉकेट बापाने विकत घ्यायचा आणि तो चारही दिवस पुरायचा. मागच्या बाकावरच्या एका मुलीने मात्र साधा सोऱ्या काढला होता. खाली कढई, कढईत चकल्या, आणि बाजूला एक बाई खुर्चीवर.

मी विचारले, "ह्यात यंत्र कोणतं?"

"सोऱ्या, सर. त्याचा दांडा आपोआप फिरतो."

"आणि ही कोण?"

"आई."

"ती काय करते आहे?"

मुलीने माझ्याकडे असे पाहिले, की एवढे सरळ चित्र सरांना कसे कळत नाही!

"काही नाही, सर. बसलीय."

सन २१२५ यायला पुष्कळ अवकाश आहे. ह्या वर्षीची भाजणी दळून आली आहे, आणि सोऱ्याचा दांडा मी फिरविणार, असे मी घरात जाहीर केले आहे. चकल्यांना काटे येतील की नाही, ह्याविषयी मात्र घरात मतभेद आहेत.