नव्या रंगाआधीची भानगड

मंडळी, गाडीच्या चाकांना नवा रंग द्यायचा म्हटलं की सगळी चर्चा रंगावरच होते. मॅट ब्लॅक घ्यावा की गनमेटल, पावडर कोटिंग करावं की साधा स्प्रे चालेल, वगैरे वगैरे. एखाद्या जुन्याजाणत्या पेंटरला विचारा, तो सांगेल की रंग लावायला तासभर पुरतो, खरा वेळ जातो तो जुना काढण्यात. नवा रंग धरणार तो खालच्या थरालाच. तो थर सुटला की वरचा त्याच्याबरोबर निघालाच म्हणून समजा. जुन्या कोडवर नवं फीचर चढवणाऱ्या आपल्यासारख्यांना हे वेगळं सांगायला नको :)

त्यात चाक म्हणजे गाडीचा सगळ्यात हाल सोसणारा भाग. ब्रेकची गरम लोखंडी धूळ, खडी, चिखल, आणि वर आऱ्यांच्या खाचाखोचा, जिथे पॉलिश पेपर धरलेलं बोटही जात नाही. म्हणून रंग हाताने न घासता कसा निघेल, याचा शोध माणूस शंभर-दीडशे वर्षं घेतोय. हा इतिहास रंगांच्या इतिहासाइतका कुणी सांगत नाही. पण वाचायला लागलो तेव्हा तो भलताच गंभीर निघाला.

सुरुवात सोपी होती. मोटारीच्या सुरुवातीच्या काळात चाकं लाकडी असत. फोर्डच्या मॉडेल टी ची चाकंही बरीच वर्षं लाकडी आऱ्यांचीच होती. रंग म्हणजे तेलाचे आणि व्हार्निशचे थरावर थर. ते काढायचे दोन मार्ग होते: ब्लोलॅम्पच्या ज्योतीने जाळून खरवडायचे, नाहीतर कॉस्टिक सोडा लावायचा. पहिल्यात लाकूड जळायचं, दुसऱ्यात लाकडाचे तंतू फुलायचे आणि हात भाजायचे.

इथे येतो कार्लटन एलिस नावाचा अमेरिकन रसायनतज्ज्ञ, एमआयटीमध्ये शिकलेला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्याने बेंझॉल आणि अल्कोहोल-ॲसिटोनसारख्या द्रावकांचं रंग काढणारं मिश्रण बाजारात आणलं. त्यातली हुशारी होती मेणात. हे द्रावक इतके उडते की रंगात मुरायच्या आधीच हवेत जायचे. त्यात थोडं मेण विरघळवलं की वर एक पातळ साय धरते, आणि द्रावक खाली अडकून रंगावर काम करत राहतो. रंग काढायच्या पेस्टमध्ये मेण घालायची ही युक्ती पुढे कित्येक दशकं टिकली. दोष एवढाच की हे मिश्रण भडकन पेट घ्यायचं. आणि बेंझॉल म्हणजेच बेंझिन रक्ताच्या कॅन्सरला कारणीभूत ठरतं, हे कळायला आणखी बराच काळ जावा लागला.

मधल्या काळात रंगही बदलत होते. १९२३ साली जनरल मोटर्सच्या ओकलंड गाड्यांवर ड्यू पाँट कंपनीचा 'ड्यूको' हा नायट्रोसेल्युलोज लॅकर आला. आधी गाडी रंगवून वाळायला आठवडे लागत, ते काम आता फार थोड्या वेळात व्हायला लागलं. लॅकर नुसता द्रावक उडून वाळतो, त्यामुळे त्याच द्रावकात तो परत विरघळतो. म्हणजे थिनरचा बोळा फिरवला की काम झालं. पण नंतर आले भट्टीत भाजलेले इनॅमल, इपॉक्सी, आणि १९५० च्या दशकात जर्मनीत एर्विन गेमर यांच्या कामातून पुढे आलेलं पावडर कोटिंग. यांपैकी बऱ्याच रंगांत वाळताना किंवा भाजताना रेणू एकमेकांना जाळ्यासारखे जोडले जातात. असं जाळं थिनरमध्ये विरघळत नाही, फार तर फुगतं. रंग जितका टिकाऊ, तितकं काढणारं रसायन जहाल हवं. गोष्टीला वळण मिळतं ते इथे.

ते जहाल रसायन म्हणजे मेथिलीन क्लोराइड. १८४० च्या सुमारास रेनो या फ्रेंच शास्त्रज्ञाने ते तयार केलं होतं. रेणू इतका लहान की रंगाच्या जाळ्यात सहज शिरतो, जाळं फुगवतो, आणि काही मिनिटांत रंग सुरकुत्या पडून धातूवरून सुटतो. शिवाय एलिसच्या मिश्रणासारखं ते पेट घेत नाही. त्यामुळे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ते 'सुरक्षित' पर्याय म्हणून सगळीकडे पोचलं: विमानांच्या हँगरपासून घरच्या गॅरेजपर्यंत.

पण आगीचा धोका गेला आणि त्याच्या जागी न दिसणारा धोका आला. हे द्रव ४० अंश सेल्सिअसला उकळतं, म्हणजे आपल्या उन्हाळ्यात डबा उघडला की वाफच. ही वाफ हवेपेक्षा जड, खोलीत तळाशी साचते. भरपूर प्रमाणात श्वासात गेली की माणूस बेशुद्ध पडतो. १९७२ साली अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये डॉ. रिचर्ड स्टुअर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आणखी एक गोष्ट दाखवली: हे रसायन शरीरात गेलं की त्याचा कार्बन मोनॉक्साइड बनतो. म्हणजे बंद गॅरेजमध्ये गाडी चालू ठेवल्यावर होते ती विषबाधा, आणि तीही शरीराच्या आतच तयार झालेली!

१९७६ साली स्टुअर्ट यांनीच एका वैद्यकीय नियतकालिकात एका निवृत्त गृहस्थांची केस छापली. हे गृहस्थ तळघरात बसून लाकडी कपाटाचा जुना रंग काढत होते. काम संपल्यावर छातीत दुखायला लागलं, हार्ट अटॅक. बरे होऊन घरी आले, काही दिवसांनी पुन्हा तेच काम सुरू केलं, पुन्हा अटॅक. तिसऱ्या वेळी ते वाचले नाहीत. तोपर्यंत अटॅकचा आणि रंग काढण्याचा संबंध कुणाच्या डोक्यातच आला नव्हता.

ही केस छापून आल्यावरही ते डबे दुकानात मिळतच राहिले. २००० ते २०११ या काळात अमेरिकेत बाथटबचा जुना रंग काढणारे १३ कामगार याच रसायनाने गेले. १९८० ते २०१८ या काळातले असे ८५ मृत्यू नोंदले गेले आहेत, आणि त्यातले बहुतेक काम करताना झालेले. युरोपीय महासंघाने २००९ साली बंदीचा निर्णय घेतला आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत तो लागू केला. अमेरिकेने घरगुती वापराचे रंग काढणारे डबे २०१९ साली बंद केले आणि २०२४ साली बहुतेक व्यावसायिक वापरांवरही बंदी आणली. १९७६ ते २०१९ म्हणजे ४३ वर्षं. बग रिपोर्ट इतकी वर्षं उघडा राहिलेला मी तरी पाहिला नाही.

आता तुम्ही म्हणाल, रसायन नको तर सँडब्लास्टिंग करू. त्याचाही इतिहास बघा. १८७० साली फिलाडेल्फियाच्या बेंजामिन टिल्घमन याने जोरात वाळू मारून पृष्ठभाग कोरायचं पेटंट घेतलं. काच कोरण्यापासून ओतकाम साफ करण्यापर्यंत ते सगळीकडे गेलं. पण वाळू फुटली की सिलिकाची बारीक धूळ उडते, ती फुप्फुसात बसते, आणि सिलिकोसिस एकदा झाला की परत फिरत नाही. ब्रिटनने १९४९ च्या नियमांनी ओतकाम साफ करायला वाळू मारणं बंद केलं. अमेरिकेच्या निऑश या संस्थेने १९७४ साली तशीच शिफारस केली, पण तिथे सरसकट बंदी आली नाही. आणि ही फक्त कारखान्यांची जुनी गोष्ट म्हणावी तर तसंही नाही. 'फेडेड लुक'च्या जीन्ससाठी तुर्कस्तानात तरुण मुलं कापडावर वाळू मारायची. त्यांच्यात सिलिकोसिस सापडायला लागल्यावर २००९ साली तिथे ते बंद करावं लागलं.

राहिलं चाक. १९२४ साली बुगाटीने टाइप ३५ या रेसिंग गाडीला ॲल्युमिनियमची ओतीव चाकं बसवली. पुढे काही दशकांनी अलॉय व्हील्स साध्या गाड्यांपर्यंत आली आणि रंग काढणाऱ्याचे दोन स्वस्त मार्ग बंद झाले. लोखंडी चाक कॉस्टिकच्या हौदात बुडवता येतं. ॲल्युमिनियमला कॉस्टिक खाऊन टाकतो आणि वर हायड्रोजन वायू सोडतो. भट्टीत ४०० अंशांच्या आसपास रंग जाळायचा म्हटलं तर अलॉयला उष्णता देऊन आणलेली ताकद उतरते. चाक दिसायला छान, पण आतून नरम. विमानांच्या पातळ ॲल्युमिनियम पत्र्याला हीच अडचण होती. म्हणून १९८० च्या दशकात अमेरिकन हवाई दलाने युटामधल्या हिल तळावर प्लॅस्टिकचे दाणे मारून रंग काढायची पद्धत वापरात आणली. दाणे रंगापेक्षा कठीण, धातूपेक्षा मऊ. आज चांगल्या वर्कशॉपमध्ये चाकांसाठी अशाच मऊ दाण्यांचा पर्याय असतो. रसायनात बेंझिल अल्कोहोलवालं घ्यावं. त्याला मिनिटांऐवजी तास लागतात, पण जीव जात नाही.

या सगळ्यात मला एक गोष्ट खटकते. दर वेळी नवी पद्धत आली ती आधीच्या पद्धतीचा दोष काढायला, आणि दर वेळी उरलेला धोका गेला काम करणाऱ्याच्या अंगावर. चाक सुधारलं, रंग सुधारला, वेळ वाचला. मोजायचा राहिला तो घमेल्यावर वाकलेला माणूस. आपण बिल बघतो, फिनिश बघतो, फोटो टाकतो.

म्हणून चाकं रंगवायला द्याल तेव्हा भावाबरोबर दोन-तीन गोष्टी विचाराच. रंग कशाने काढणार? ब्लास्टिंग असेल तर वाळू आहे की दुसरं काही, आणि मारणाऱ्याला बाहेरून हवा मिळणारं हेल्मेट आहे का? अलॉय भट्टीत टाकणार असतील तर किती अंशांना? आणि नट बसतात त्या जागी व हबला टेकणाऱ्या भागावर जाड रंग चढू देऊ नका, तो दबला की नट ढिले पडतात. घरीच करणार असाल तर डब्यावरची घटकांची यादी वाचा. मेथिलीन क्लोराइड किंवा डायक्लोरोमिथेन दिसलं तर डबा परत ठेवा. साधे हातमोजे आणि साधा कार्बन फिल्टरचा मास्क त्याला फार वेळ अडवत नाहीत, आणि आपल्या फ्लॅटची बंद बाल्कनी म्हणजे त्या तळघराचीच धाकटी बहीण.

दोनशे-पाचशे रुपये जास्त गेले तरी चालतील. असो, पुढच्या वीकएंडला भेटूच.