जखमींच्या सेवेतील सोलापूरचे डॉक्टर

रणांगणावर सैनिक केवळ गोळीने मरत नाही. उपचारास उशीर झाल्यानेही मरतो. म्हणून जखमीची वाट न पाहता डॉक्टरनेच आघाडीजवळ जावे, हा कॅनडाचे शल्यविशारद नॉर्मन बेथून यांचा आग्रह होता. १९३७ साली जपानने चीनवर स्वारी केली. तेव्हा बेथून चीनला गेले. १९३८ साली भारतीय काँग्रेसनेही पाच डॉक्टरांचे पथक तेथे पाठविले. त्यात नागपूरचे डॉ. चोळकर व सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते.

शस्त्रक्रिया करताना बोटाला झालेली जखम चिघळून बेथून १९३९ मध्ये वारले. १९४१ मध्ये त्यांच्या नावाच्या रुग्णालयाची धुरा कोटणीसांकडे आली. एका डॉक्टरचे दोन हात किती जखमींना पुरणार? म्हणून कोटणीस चिनी भाषा शिकले आणि त्याच भाषेत तेथील विद्यार्थ्यांना वैद्यक शिकवू लागले. ९ डिसेंबर १९४२ रोजी, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, आजाराने त्यांचे निधन झाले.

पालकहो, आपला मुलगा किंवा मुलगी डॉक्टर व्हावी असे घरोघरी वाटते. त्यांना हेही सांगा की, जखमीचा देश आणि भाषा न विचारता जी कामी येते, तीच खरी विद्या.