पडलेला चिमटा

तू नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला आहेस. संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात वॉर्डाची ड्यूटी लागायला अजून अवकाश आहे. पुस्तकात प्लेगचा जिवाणू पाहतेस: दोन्ही टोकं गडद, मधे फिकट, अगदी सेफ्टी पिन. पान उलटतेस आणि संभाजीनगर मागे पडतं. जानेवारी १८९७. भायखळा, ग्रँट मेडिकल कॉलेज.

प्लेगच्या भीतीनं मुंबईतून माणसं बिऱ्हाड उचलून पळताहेत. तू उभी आहेस ती एक खोली आणि व्हरांडा, जिवाणुशास्त्रज्ञ वाल्देमार हाफकिन यांची प्रयोगशाळा एवढीच. चंबूंत मांसरस, त्यावर तरंगणारे तुपाचे थेंब. वाकून बघ. थेंबांना धरून जिवाणूंचे झुपके खाली लोंबत वाढलेत. हात लावू नकोस, जिवंत आहेत. चंबू हलवला की झुपके तळाशी बसतात, थेंबांना नवे फुटतात. पुरेसे जमले की उष्णतेनं मारायचे आणि वर कार्बोलिक ॲसिड घालायचं. झाली प्लेगची लस.

१० जानेवारीला हाफकिन ही लस आधी स्वतःला टोचून घेतात. ताप चढतो, सुईची जागा ठणकते. त्या खोलीत फक्त तुला ठाऊक आहे, आत काय चाललंय ते: बी-पेशी प्रतिपिंडं घडवताहेत आणि त्यांतल्या काही या जिवाणूची आठवण जपणार आहेत. महिनाअखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरतो, तेव्हा जवळपास निम्मे कैदी आपणहून दंड पुढे करतात. त्यांच्यात प्लेग फारच थोड्यांना होतो.

इथं थांबू नकोस. तुझ्या कामाचं पुढेच आहे.

३० ऑक्टोबर १९०२, पंजाबातलं मलकोवाल. हाफकिन यांच्याच लशीची टोचणी सुरू असताना बाटली उघडायचा चिमटा जमिनीवर पडतो. मदतनीस तो कार्बोलिकच्या पाण्यात विसळतो आणि त्यानंच बूच काढतो. अगं, ओरड! मातीत धनुर्वाताचे स्पोअर असतात. ते विसळून मरत नाहीत. त्यांना ऑटोक्लेव्हची १२१ अंशांची वाफ १५ मिनिटं लागते. त्या एका बाटलीतून टोचलेली १९ माणसं धनुर्वातानं दगावतात. बाकीच्या बाटल्यांतून टोचलेल्यांना काहीही होत नाही.

त्या मदतनिसाचा मला राग येत नाही. स्पोअर म्हणजे काय, हे त्याला कुणी शिकवलं असेल असं वाटत नाही. ठपका बसला हाफकिन यांच्यावर. रोनाल्ड रॉससारख्या शास्त्रज्ञांनी त्यांची बाजू लावून धरली, तेव्हा कुठे १९०७ मध्ये ते दोषमुक्त झाले. परळला गेलेल्या त्यांच्या प्रयोगशाळेला त्यांचं नाव मिळालं १९२५ साली.