अवरक्त प्रकाशाचा उगम आणि मार्ग : टेलिफोनपासून संवेदक चिपपर्यंत

प्रस्तावना :
१९७९ मध्ये पुणे येथे स्थानिक टेलिफोन जंक्शनसाठी भारतातील पहिली प्रकाशीय तंतू प्रणाली कार्यान्वित झाली. त्या वर्षी चामोर्शी हे चंद्रपूर जिल्ह्यातच होते. स्वतंत्र गडचिरोली जिल्हा १९८२ मध्ये निर्माण झाला. काचेच्या तंतूतून वाहणारा हा प्रकाश डोळ्यांना न दिसणारा, अवरक्त असतो. त्याचा इतिहास आपल्याकडे बहुधा दळणवळणाचा इतिहास म्हणूनच शिकविला जातो. प्रस्तुत लेखात तो संवेदनाच्या, म्हणजे प्रकाशाने पदार्थ ओळखण्याच्या बाजूने पाहण्याचा प्रयत्न केला आहे. तसे पाहिल्यास असे दिसते की, कोणता अवरक्त प्रकाश स्वस्त व सुलभ व्हावा हे टेलिफोनच्या गरजेने ठरविले. खाणकामगाराची गरज मागे राहिली.

उगमाचा शोध :
१८०० मध्ये विल्यम हर्शेल यांनी लोलकातून पडलेल्या वर्णपटात तापमापक ठेवले, तेव्हा तांबड्या रंगाच्या पलीकडे, जेथे काहीच दिसत नव्हते तेथे, पारा अधिक चढला. अवरक्त किरणांचा शोध लागला तो असा उष्णतेच्या रूपाने. पुढे दीड शतकाहून अधिक काळ तापलेली वस्तू हाच त्यांचा मुख्य उगम राहिला. १९६१ मध्ये बियर्ड व पिटमन यांना टेक्सास इन्स्ट्रुमेंट्समध्ये गॅलियम आर्सेनाइडमधून विजेच्या साहाय्याने अवरक्त प्रकाश मिळाला. १९६६ मध्ये काओ व हॉकहॅम यांनी शुद्ध काचेचा तंतू दूरसंचारास योग्य ठरेल असे दाखविले, आणि १९६९ मध्ये बेल प्रयोगशाळेच्या स्टुअर्ट मिलर यांनी प्रकाशाचे घटक एकाच पृष्ठावर बसविण्याची, म्हणजे एकात्मिक प्रकाशिकीची, कल्पना मांडली.

मिथेनची खूण :
चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याला एकोणिसाव्या शतकातच सरकारी कोळसाखाण चालू होती. कोळशाच्या थरांत मिथेन दडलेला असतो. हवेत त्याचे प्रमाण ५ ते १५ टक्के झाले की ठिणगी पुरते. १८१५ च्या डेव्ही दिव्यात ज्योतीवर उमटणारी फिकट निळी टोपी पाहून खाणकामगार हा वायू ओळखत. हाही एक प्रकाशीय संवेदकच होता, एवढेच की तो वाचण्यासाठी माणसाला दिव्यासह धोक्यात उतरावे लागे.

मिथेन ३.३ मायक्रोमीटर तरंगलांबीचा प्रकाश जोरकसपणे शोषतो. कार्बन डायऑक्साइडची खूण ४.२६ मायक्रोमीटरला आहे. मात्र दूरसंचाराचा काचतंतू १.३ ते १.६ मायक्रोमीटरच्या आसपास सर्वांत पारदर्शक असतो आणि २ च्या पुढे तो प्रकाश झपाट्याने गिळू लागतो. १.६५ मायक्रोमीटरला मिथेनची आणखी एक खूण आहे, पण ती कितीतरी क्षीण. तरीही दूरसंचाराचे लेसर हाताशी असल्यामुळे संशोधक त्याच क्षीण खुणेकडे वळले. साधनाने प्रश्न निवडावा, याचे इतके स्वच्छ उदाहरण विज्ञानाच्या इतिहासात विरळाच.

चिपवरील अडचण :
१९८५ पासून रिचर्ड सोरेफ व सहकाऱ्यांनी सिलिकॉनमध्येच तरंगवाहक कोरता येतात हे दाखविले. अशा वाहकातील प्रकाशाचा थोडा अंश गाभ्याबाहेर, लगतच्या हवेत पसरलेला असतो. तेथे मिथेन असल्यास तो अंश शोषला जातो व दुसऱ्या टोकाला प्रकाश कमी भरतो. वाहक नागमोडी केला तर नखाएवढ्या जागेतही लांब मार्ग मिळतो. सिलिकॉन ३.३ मायक्रोमीटरला पारदर्शक आहे, म्हणजे मार्गाची सोय झाली.

उगमाची मात्र झाली नाही. सिलिकॉनची ऊर्जारचना अशी आहे की त्यात दिलेली वीज बहुतांशी उष्णतेतच जाते, प्रकाश जवळजवळ निघतच नाही. म्हणून २००६ मध्ये इंटेल व कॅलिफोर्निया विद्यापीठ, सांता बार्बरा यांनी लेसरसाठी सिलिकॉनवर इंडियम फॉस्फाइड चिकटविले. पण तेही दूरसंचाराच्याच तरंगलांबीसाठी. बेल प्रयोगशाळेत १९९४ मध्ये सिद्ध झालेला क्वांटम कॅस्केड लेसर दीर्घ तरंगलांबी देतो, परंतु तो महाग पडतो. त्यामुळे संवेदकाचे अभिकल्पक पुन्हा हर्शेलच्या उष्णतेकडे वळले आहेत : पातळ पटलावर सूक्ष्म तार तापवायची आणि तिची प्रारणे वाहकात घ्यायची. येथे तारेचा प्रकाश सर्व दिशांना व अनेक तरंगलांबींत विखुरतो आणि अरुंद वाहकात त्याचा अत्यल्प भागच शिरतो. तापमान वाढविले तर तार लवकर झिजते, वाहक रुंद केला तर हवेत पसरणारा अंश घटतो. उत्सर्जक आणि वाहक यांचे अभिकल्प वेगवेगळे करता येत नाहीत, ते या कारणाने.