अतिहलके अदिश कृष्णद्रव्य : एका गृहीतकाचा इतिहास

प्रस्तावना :
विश्वातील बहुतांश द्रव्य प्रकाश देत नाही, ही जाणीव विसाव्या शतकाची देणगी होय. १९३३ मध्ये फ्रिट्झ झ्विकी यांनी कोमा दीर्घिकासमूहातील गतींवरून हा प्रश्न उपस्थित केला. १९७० मध्ये व्हेरा रुबिन व केंट फोर्ड यांनी मोजलेल्या देवयानी दीर्घिकेच्या परिभ्रमणगतींनी त्यास पुढे बळ मिळाले. हे द्रव्य कोणत्या कणांचे, हे अद्याप अनिर्णित आहे. त्यावरील एका उत्तराची वाटचाल प्रस्तुत लेखात तपासली आहे.

गृहीतकाचा उगम :
जड व मंदगती कणांच्या संगणकीय प्रतिरूपांत दीर्घिकेच्या केंद्राशी द्रव्याची तीव्र दाटी होते. प्रत्यक्षात अनेक खुज्या दीर्घिकांच्या गाभ्यात घनता जवळजवळ समान आढळते. या विसंगतीच्या निरसनासाठी वेन हू, रेनन बरकाना व आंद्रेई ग्रुझिनोव्ह यांनी २००० मध्ये सुमारे १०⁻²² इलेक्ट्रॉन व्होल्ट वस्तुमानाचे अदिश कण सुचविले. एवढ्या हलक्या कणाची तरंगलांबी दीर्घिकेत हजाराहून अधिक प्रकाशवर्षे असते. साहजिकच केंद्राशी होणाऱ्या दाटीला मर्यादा पडते.

निरीक्षणांची कसोटी :
असे कण प्रयोगशाळेत सापडणे दुरापास्त. म्हणून आकाश हीच प्रयोगशाळा ठरली. दूरच्या क्वासारांच्या प्रकाशात मधल्या हायड्रोजन वायूमुळे शोषणरेषा उमटतात. कण जितका हलका, तितक्या मोठ्या रचना पुसल्या जातात व हा परिणाम त्या रेषांत दिसावयास हवा. तो न दिसल्याने २०१७ मध्ये वस्तुमानाची किमान मर्यादा मूळ मूल्याच्या सुमारे २० पट, तर २०२१ मध्ये सुमारे २०० पट वर गेली. २०२२ मध्ये नील दलाल व आंद्रेई क्राव्त्सोव्ह यांनी सेग्यू १ व सेग्यू २ या अतिमंद दीर्घिकांतील ताऱ्यांच्या गतींवरून ती सुमारे ३,००० पट वर नेली.

दुसरी वाट स्पंदकांची. आंद्रेई ख्मेलनित्स्की व व्हालेरी रुबाकोव्ह यांनी २०१४ मध्ये दाखविले की, या क्षेत्राच्या दोलनांमुळे स्पंदकांच्या ठोक्यांची वेळ नियमितपणे मागेपुढे व्हावी. मूळ वस्तुमानासाठी हा आवर्तकाल सुमारे आठ महिन्यांचा येतो. युरोपीय स्पंदक-निरीक्षण गटाने २०२३ मध्ये याहून हलक्या कणांचा एक पट्टा संपूर्ण कृष्णद्रव्य म्हणून नाकारला. पुणे जिल्ह्यातील खोडद येथील महाकाय मीटरतरंग दुर्बिणीतूनही अशी स्पंदक-निरीक्षणे होतात.

समारोप :
वस्तुमान वाढले की गाभा आक्रसतो. त्यामुळे या मर्यादा मान्य केल्यास, ज्या विसंगतीसाठी गृहीतक जन्मले तीच त्याच्याकडून सुटत नाही. तथापि सर्व कृष्णद्रव्य याच कणांचे आहे, या गृहीतावर त्या मर्यादा आधारलेल्या आहेत. त्याचा अल्पांश असे कण असण्याची शक्यता उरतेच. कण सापडला नाही म्हणून हा शोध निष्फळ म्हणता येणार नाही. काय असू शकत नाही, हे आकड्यांत सांगता येणे हेदेखील ज्ञानच होय.